चाकांवरचा पूल

माझे सासरे पारोळ्याजवळच्या एका खेड्यातले. त्या गावाहून रेल्वेचा रूळ नुसता बघायचा म्हटलं तरी अमळनेर गाठावं लागायचं. तरी त्यांचं आयुष्य गेलं ते रेल्वेच्या पुलांवर. विशी गाठायच्या आत ते एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर घराबाहेर पडले, चार-पाच वर्षं परमुलखात राहिले, परत आले आणि मग रेल्वेत कायम झाले. निवृत्त होईपर्यंत काम एकच, रिबिटांचं.

इंग्रजांच्या काळातले लोखंडी पूल रिबिटांनी जोडलेले. पोलादाच्या जाड पट्ट्यांतून तापवलेल्या खिळ्यांसारख्या रिबिटा घालायच्या आणि त्या लाल असतानाच दुसऱ्या बाजूने ठोकून त्यांची टोपी करायची. भात्यावरचा माणूस चिमट्याने रिबीट वर फेकायचा आणि गर्डरवर बसलेला माणूस ती डब्यात झेलायचा. सासरे, म्हणजे आमचे आबा, आधी झेलणारे होते, मग ठोकणारे झाले आणि शेवटची बरीच वर्षं तपासणारे. जुन्या पुलावर ते एका बाजूने रिबिटेवर छोटा हातोडा मारायचे आणि दुसऱ्या बाजूला बोट ठेवायचे. रिबीट सैल असली तर बोटाला थरथर कळते. जळगावच्या पिंप्राळ्यात आम्ही घर बांधलं तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी खिडकीची प्रत्येक जाळी अशीच ठोकून पाहिली होती.

मी धुळ्याची. लग्न होऊन जळगावला आले आणि इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आबांशी माझं चांगलं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आबा घरात अहिराणी बोलायचे, मी शाळेतलं मराठी. एकमेकांचं सगळं कळायचं. मी नोकरी करते याचा त्यांना अभिमान होता. कुणी आलं की सांगायचे, ‘‘मन्ही वहू सायन्स शिकाडस.’’ हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झालं ते भांडणातून झालेलं नाही. ते जर भांडण असतं तर मिटलं असतं.

माझ्याच शाळेत शिकणारी मुलगी पाचवीतून सहावीत गेली त्या उन्हाळ्यात शाळेनं सुट्टीचा अभ्यास दिला होता. घरातल्या मोठ्या माणसाची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून आणायची. मुलगी आबांच्या मागे लागली. सकाळी ऊन चढायच्या आत दोघं ओट्यावर बसायची. ते सांगायचे, ती लिहायची. मधे आबा नेहमीसारखे आठवडाभर गावी जाऊन आले. दर उन्हाळ्यात ते एकटेच जायचे, शेतीचं बघून येतो म्हणायचे. परत आल्यावर पुन्हा दोघं बसली. एरवी तिला एक पान लिहायचं तर चार वेळा उठायचं असायचं. त्या दिवसांत ती जेवायला हाक मारली तरी येत नव्हती.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी तिनं ते माझ्यासमोर आणून ठेवलं. आखीव कागदाची तीन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. म्हणाली, ‘‘फक्त शुद्धलेखन बघ.’’

मी लाल पेन घेऊन बसले. पहिल्या पानावर आबा टोळीबरोबर बिहारात गेले, गंगेवर मोठा पूल बांधायचं काम चाललं होतं, तिथे सगळ्यांना ताप यायचा, भात खाऊन कंटाळा यायचा, असं सगळं होतं. दुसऱ्या पानावर आलं की पूल पुरा होईपर्यंत मालगाडीचे डबे नावेतून गंगा ओलांडायचे. रूळ काठावरून उतरत थेट पाण्यापर्यंत गेलेले. नावेच्या पाठीवरही रूळ. आगबोट ती नाव ढकलत पलीकडे न्यायची. एवढ्यापर्यंत मी भुवया उंचावत का होईना, वाचलं. मग हे वाक्य आलं : ‘घाटावर एक पूल होता, तो चाकांवर होता. नदीचं पाणी उतरलं की तो पूल खाली सरकवायचे आणि पाणी चढलं की वर ओढायचे.’

मला हसू आलं. चाकांवरचा पूल.

आबा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना म्हटलं, ‘‘आबा, रेल्वे नावेत कशी बसेल हो?’’

‘‘बसे ना माय,’’ ते म्हणाले. ‘‘मी मन्हा डोयाघाई देखेल शे. आधी इंजिनफुडे दोन रिकामा डबा जोडेत. इंजिन मांगेच ऱ्हाये, नावपर चढे नही.’’

‘‘पण डबा चढला की नाव दबणार. रूळ खाली-वर होणार. गाडी घसरणार नाही का?’’

‘‘तेन्हासाठे तर चाकवाला पूल व्हता. आनि डबा चढाडतांना मधला रूळवर पहिले, मंग दोन्ही बाजूले सारखा. नही ते नाव कलंडी जाई.’’

आज ही उत्तरं लिहिताना मला लाज वाटते. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर त्यांनी दिलं होतं. वजन दोन्हीकडे सारखं वाटायचं, जड इंजिन उतारावर आणायचं नाही, पाण्याच्या पातळीप्रमाणे काठ हलता ठेवायचा. हे कुणी कल्पनेनं रचत नाही. दुसऱ्या कुणी वर्गात मला असं उत्तर दिलं असतं तर मी शाबासकी दिली असती. पण माझ्या डोक्यात त्या वेळी विज्ञान नव्हतंच. माझ्या डोक्यात शिक्षकांची खोली होती. मराठीच्या बाई ही पानं मोठ्यानं वाचतील आणि म्हणतील, सायन्सच्या बाईंची मुलगी बघा काय लिहिते.

मी म्हटलं, ‘‘आबा, हे शाळेत जाणार आहे. लोक हसतील.’’

माझे मिस्टर पेपर वाचत होते. तेही पेपरामागून हसले.

आबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाले, ‘‘मंग नको दे.’’

मुलगी म्हणाली, ‘‘आई, पुढचं तरी वाच.’’

‘‘पुढचं वाचायची गरज नाही,’’ मी म्हटलं आणि तिन्ही पानं एकत्र धरून मधून फाडली. रागानं नाही. वहीतलं चुकलेलं पान फाडावं तशी. मग तिला बसवून मी स्वतः मजकूर सांगितला. गिरणेवरचा जुना पूल, तापलेल्या रिबिटा, आबांचा हातोडा, बोटाला कळणारी थरथर. सगळं खरंच होतं. तिला त्यासाठी चांगले मार्क मिळाले. तिनं ते आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘चांगलं लिखं.’’

घरात यावर पुन्हा कुणी काही बोललं नाही. आबा काही गप्पगप्प झाले नाहीत. शेजाऱ्यांशी बोलायचे, भुसावळचे जुने सोबती आले की तासन्‌तास बसायचे. फरक पडला होता तो बारीक होता आणि माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली. आधी ते कुठलीही गोष्ट ‘मी देखेल शे’ म्हणून सुरू करायचे. नंतर ‘मी ऐकेल शे’ म्हणायला लागले. आणि मी खोलीत असले तर सांगता सांगता एकदा माझ्याकडे बघून घ्यायचे.

मुलगी मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली. एका दुपारी तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. परदेशात कुठेतरी मोठ्या जहाजाचं तोंड उघडलेलं, आणि प्रवाशांनी भरलेली आगगाडी सावकाश त्याच्या पोटात शिरतेय. खाली तिनं लिहिलं होतं, ‘आई, आबा खरं सांगत होते.’

मी तो व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला. मग शोधायला बसले. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच समुद्राच्या एका रुंद फाट्यावर अशी सोय केलेली होती. पूल बांधणं तेव्हा जमण्यासारखं नव्हतं, म्हणून एका इंजिनिअरनं बोटीवर रूळ टाकले. भरती-ओहोटीनं पाणी खाली-वर व्हायचं, त्यावर त्यानं उताराच्या रुळावरून सरकणारा, चाकांवरचा धक्का बनवला होता. चित्र होतं त्याचं. लोखंडी सांगाडा, खाली चाकं, पुढे बोटीला टेकणाऱ्या बिजागरीच्या फळ्या. आपल्याकडे गंगेवरही पूल होण्याआधी डबे नावेतून न्यायचे, हेही सापडलं. ज्या वाक्याला मी हसले होते ते त्या सगळ्या रचनेतलं सगळ्यात हुशारीचं वाक्य होतं.

संध्याकाळी मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘मला ती पानं अजून आठवतात. तिसऱ्या पानावर एक माणूस होता. आबांबरोबर गावाहून गेलेला.’’

‘‘कोण माणूस?’’

‘‘नाव आठवत नाही. डबे नावेवर चढले की चाकांखाली लाकडी गुटके ठोकायचं काम होतं त्याचं. डबे नावेवर सरकू नयेत म्हणून. त्याला काहीतरी झालं. ते लिहिताना मी रडले होते, आबांनी माझे डोळे पुसले होते. पण काय झालं ते नाही आठवत गं. तेव्हा दहा वर्षांची होते मी.’’

मी तिला विचारलं, ‘‘तू मला तेव्हा सांगितलं का नाहीस?’’

 ती म्हणाली, ‘‘पुढचं वाच म्हटलं होतं.’’

दुसऱ्या दिवशी आबांचा चहा झाल्यावर मी त्यांच्या खाटेजवळ बसले. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे होतं, कान कमी झाले होते, नजर बरी होती. मी फोनवर ते चित्र मोठं करून दाखवलं. ‘‘आबा, असाच होता ना चाकांवरचा पूल?’’

त्यांनी फोन हातात घेतला. खूप वेळ पाहिलं. चाकांवरून बोट फिरवलं, तर चित्रच सरकलं, म्हणून हात मागे घेतला.

‘‘माले आते नक्की सांगता येत नही,’’ ते म्हणाले.

‘‘तुम्ही तर स्वतः पाहिलं होतं.’’

‘‘तठे माले लई ताप ये. बठ्ठा टोळीलेच ताप ये. तू बोलनी का असं होनार नही, तवय मी ईचार करा. म्हनतं, तू शिकेल शे. मंग मी तापमां देखं हुई ते.’’

म्हणजे माझ्यावर रागावून ते गप्प बसले नव्हते. त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं होतं. मी फाडलेले कागद तीनच होते, पण त्यानंतरची सगळी वर्षं या माणसानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आपलं आपणच खोटं ठरवत काढली होती.

‘‘माझंच चुकलं, आबा,’’ मी म्हटलं. ‘‘ते सगळं खरं होतं. तुम्हीच बरोबर होता.’’

‘‘चुकस कोनी बी,’’ ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘‘पन मंग ती नाव बुडे कसाले नही?’’

मी स्वयंपाकघरातून पाण्याची बादली आणि एक पसरट पातेलं आणलं. पातेलं तरंगत ठेवून त्यात एकेक वाटी ठेवत गेले. किती पाणी बाजूला सारलं जातं, एका बाजूला वजन झालं की काय होतं, सगळं सांगितलं. ते खाटेवरून वाकून शहाण्या विद्यार्थ्यासारखे ऐकत होते, मान डोलावत होते. मी शिकवत होते. हे सगळं त्यांनी त्या रविवारी दारात बसून मला सांगितलेलं होतं.

शेवटी मी विचारलं, ‘‘आबा, तुमच्या गावचा एकजण होता ना तिथे? गुटके ठोकणारा?’’

त्यांनी बादलीकडे पाहिलं. ‘‘कोन? नही. तसं कोनी नही,’’ ते म्हणाले आणि आडवे झाले.

त्यांना आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही. पुढचे दोन महिने मी अधूनमधून वही घेऊन बसायचे. ते गर्डरचं सांगायचे, रिबिटांचं सांगायचे. नावेचं विचारलं की म्हणायचे, ‘‘तू वाचेल शे ना? मंग तूच सांग.’’ त्यांना माझ्या तोंडून ते ऐकायला आवडायचं. मी पुस्तकातलं सांगायचे. त्यांच्यातलं काही बाहेर आलं नाही.

दोन वर्षांनी ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गावाकडचे बरेच लोक आले होते. त्यांच्यातल्या एकानं जाताना सांगितलं, ‘‘आमच्या गल्लीतल्या अक्का आबांचं विचारत होत्या, भाऊ दोन उन्हाळे झाले आला नाही. त्यांना काय सांगू?’’ आमच्या घरात त्या अक्कांचं नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. मिस्टर म्हणाले, असेल कुणी लांबची. मला चैन पडेना. मी तेव्हा निवृत्त झाले होते. एका सकाळी पारोळ्याची एसटी पकडली आणि तिथून रिक्षानं गावात गेले.

अक्का ऐंशीच्या घरातल्या. एकट्याच राहत होत्या, दोन खोल्यांचं घर, दारात शेवग्याचं झाड. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला हाताला धरून खाटेवर बसवलं. आबा गेल्याचं त्यांना तोवर कळलं होतं.

‘‘मन्हा मोठा भाऊ आनि तुन्हा सासरा, दोन्ही संगे गयथात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘एकच परत उना.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आबा एकटे परत आले तेव्हा अक्कांच्या आईनं विचारलं, माझा कसा गेला? आबा एवढंच म्हणाले की पाण्यात गेला. कसा, कुठे, ते नाही. आई मरेपर्यंत दरवर्षी विचारत राहिली आणि आबा दरवर्षी मान खाली घालून बसून राहिले. पण यायचे मात्र न चुकता. शेतीचं बघायला म्हणून आमच्याकडून निघायचे ते या घरी यायचे. अक्कांसाठी लुगडं आणायचे, भावानं आणावं तसं. आई गेल्यावर अक्कांनी विचारणं सोडून दिलं होतं.

‘‘मंग एक उन्हाया तोच आपेआप बोलना,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘म्हने, मन्ही नात लिखी ऱ्हायनी. माले तोंडघाई सांगता येस नही, पन तिले सांगी ऱ्हायनू. लिखाई जाई, मंग तुले वाची दाखाडसू.’’

अक्का पुढे सांगत राहिल्या.

‘‘पुढला साल लुगडं लई उना. कागद नही. मी ईचारं, तर म्हने, फाटी गयं.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू मास्तरीन ना? तुन्हा घरनंच व्हतं ते. कसं फाटनं?’’

पोराबाळांच्या घरात कागद फाटतात, असं म्हणता आलं असतं. आबांनी मला वाचवून ठेवलंच होतं. इतकी वर्षं त्यांनी ‘फाडलं’ म्हटलं नव्हतं, ‘फाटलं’ म्हटलं होतं. तो शब्द ऐकूनच मला खोटं बोलवेना.

‘‘मी फाडलं, अक्का,’’ मी म्हटलं. ‘‘मला ते खोटं वाटलं.’’

 त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी विचारलं, ‘‘वाचं व्हतं का तू?’’

‘‘दोन पानं. तुमच्या भावाचं तिसऱ्यावर होतं.’’

अक्का उठल्या, आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. चहा घेऊन आल्या आणि समोर बसून म्हणाल्या, ‘‘जे माहीत शे ते तरी सांग.’’

मग मला जे माहीत होतं ते मी सगळं सांगितलं. पाण्यापर्यंत उतरलेले रूळ सांगितले, नावेवरचे रूळ सांगितले, मधे जोडलेले रिकामे डबे, आगबोट, आणि चाकांखाली गुटके ठोकणारा त्यांचा भाऊ. हे काम जबाबदारीचं होतं, त्याच्यावर सगळी नाव अवलंबून असायची, असंही सांगितलं. ते मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. अक्का मधे मधे विचारत होत्या. नाव केवढी? आमच्या घराएवढी? मी म्हटलं, या गल्लीएवढी. त्यांना ते पटायला वेळ लागला.

‘‘आनि मंग कसा गया?’’

‘‘ते मला माहीत नाही, अक्का.’’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘त्याले पव्हता ये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बोरी नदीले पूर ऱ्हाये तवय बी तो पव्हे.’’ थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाल्या. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, की त्याला चांगलं पोहता येत होतं. मी मान हलवली आणि रिक्षात बसले.